रक्ताच्या धारेतून घडणारं हृदय

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमधून सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. डॉक्टर मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये फुसफुस ऐकू आली, की टूडी इकोची चिठ्ठी लिहून देतात. पुढे ‘हृदयाला होल आहे’ असं कळलं, की अनेक घरांत पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो: ग्रहणात विळी हातात धरली होतीस का?

या प्रश्नाची मला मनापासून चीड येते. गर्भधारणेनंतर 22 दिवसांच्या सुमारास हृदय धडधडू लागतं, म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. त्या वेळी हृदय म्हणजे नुसती नळी. ना कप्पे, ना झडपा. ती उजवीकडे वळते, आत पडदे उभे राहतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत चार कप्पे तयार होतात. आराखडा जनुकांचा खरा, पण वाहतं रक्तही हृदय घडवत असतं. आतल्या पेशींना घासून जाणाऱ्या रक्ताचा रेटा जाणवतो आणि त्यानुसार त्यांची जनुकं चालू-बंद होतात. 2003 साली अमेरिकेत संशोधकांनी झेब्रा माशाच्या गर्भात हृदयाच्या तोंडाशी काचेचा बारीक मणी अडकवून पाहिला. जनुकांना कोणी हात लावला नव्हता, हृदय धडधडतही होतं. तरी झडपा झाल्या नाहीत आणि नळीही नीट वळली नाही.

ओहोटीचा जोर कमी पडला की खाडीचं तोंड गाळाने अरुंद होतं, हे सातपाटीच्या मच्छीमारांना सांगावं लागत नाही. हृदयातही तसंच: पोटातल्या बाळाची महाधमनीची झडप फार अरुंद असली, तर डाव्या कप्प्यातून रक्त कमी जातं आणि तो कप्पा खुरटतो. म्हणूनच काही बाळांची झडप आईच्या पोटातच फुग्याने रुंद करतात. मार्च 2023 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये द्राक्षाएवढ्या हृदयावर असा उपचार 90 सेकंदांत झाला.

आईला विचारायचंच असेल, तर गरोदरपणाआधीच्या मधुमेहाबद्दल विचारा. बाळ दूध ओढताना दमतं का, कपाळाला घाम येतो का, वजन अडलंय का, हेही विचारा. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांची खोली बदलली की अंगणवाडीही बदलते. तेव्हा इकोची चिठ्ठी सोबत न्या आणि नव्या अंगणवाडीताईंना पहिल्याच दिवशी दाखवा.