एक जात, तीन रूपे : डासांचे वर्गीकरण

बंगळूरूच्या कोरमंगलासारख्या वसाहतींत गच्चीवरच्या उघड्या टाकीतही वाढू शकणारा ‘ॲनॉफिलीस स्टीफेन्साय’ हा डास शहरी हिवतापाचा प्रमुख वाहक आहे. डासांच्या कुलात ३,५०० हून अधिक जाती आहेत. समान पूर्वजापासूनच्या नात्यानुसार त्यांची उपकुल, प्रजाती, जाती अशी उतरंड मांडली जाते. ॲनॉफिलीस आणि डेंग्यूवाहक एडीस यांची उपकुलेच भिन्न आहेत.

स्टीफेन्सायचे वर्णन १९०१ मध्ये लिस्टन यांनी वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथील अभ्यासातून केले. पुढे १९३७ मध्ये स्वीट व राव यांनी अंड्यांच्या तरंगकांवरील कंगोरे मोजून म्हैसूरचे नाव धारण करणारे ‘मायसोरेन्सिस’ रूप वेगळे दाखविले. मूळ रूपात कंगोरे १४ ते २२, मधल्या रूपात १२ ते १७, तर मायसोरेन्सिसमध्ये ९ ते १५ असतात. मूळ रूप शहरी हिवताप पसरविते. मायसोरेन्सिस मुख्यतः ग्रामीण असून गुरांवर पोसते व भारतात दुर्बळ वाहक मानले जाते.

हे आकडे परस्परांत मिसळत असल्याने केवळ एका अंड्यावरून निर्णय होत नाही. जनुकीय तपासणीची जोड द्यावी लागते. गोठ्यात स्टीफेन्साय आढळला, एवढ्यावरून तेथेच हिवतापाचे मूळ मानून फवारणी केल्यास श्रम व पैसा वाया जाऊ शकतो. म्हणून जातीबरोबर रूपही ओळखणे अगत्याचे आहे.