पैसे शिडाच्या बोटीचे, आवाज डिझेलचा!



या आठवड्याच्या व्हिडिओत तुर्कस्तानच्या बोटीची गोष्ट अर्धवट राहिली होती. ती इथे पूर्ण करतो.

गेल्या सप्टेंबरमध्ये मी आणि बायको फेथियेहून गुलेतवर चढलो. गुलेत म्हणजे तिकडची डोलकाठ्यांची लाकडी बोट. चार दिवस, तीन रात्री, किनाऱ्याकिनाऱ्याने केकोवापर्यंत जायचं आणि देम्रेला उतरायचं. अख्खी बोट आपल्याला परवडत नाही, म्हणून एक केबिन घेतली. बाकीच्या केबिनमध्ये अनोळखी मंडळी. कप्तान, आचारी आणि एक खलाशी, एवढा स्टाफ.

जाहिरातीत फुगलेली पांढरी शिडं होती. प्रत्यक्षात पहिले दोन दिवस शिडं गुंडाळलेली आणि खाली इंजिनची धडधड. रात्री जनरेटर बंद, म्हणजे एसी बंद. सगळे गाद्या घेऊन डेकवर. गोडं पाणी टाकीतलं, म्हणून अंघोळ दोन मिनिटांत. टॉयलेटमध्ये कागद टाकायचा नाही, नाहीतर पंप तुंबतो. हे सगळं बोटीवर चढल्यावर कळलं.

दुसऱ्या रात्री माझा संयम सुटला. जेवण पॅकेजमध्ये होतं, पण पिण्याच्या पाण्याची प्रत्येक बाटली वहीत आमच्या नावावर मांडलेली! मी विचारलं. खलाशी शांतपणे म्हणाला, "सगळ्या बोटींवर असंच असतं."

मित्रांनो, मी तिथेच गप्प झालो. कारण हे वाक्य माझंच आहे. दिवाळीत एका ताईंनी माझ्या दुकानातून गिफ्टची मोठी ऑर्डर घेतली. बॉक्स आणि पॅकिंगचे पैसे मी बिलात शेवटी लावले. त्यांनी विचारल्यावर म्हणालो, "सगळीकडे असंच असतं, ताई." त्यांनी पैसे दिले, भांडल्या नाहीत. पण परत कधी आल्या नाहीत.

आता याच ट्रिपमधल्या दोन चांगल्या गोष्टी बघा.

पहिल्या दिवशी गेमिलर बेटाजवळ नांगर टाकला, तर एक छोटी होडी आमच्याजवळ आली. आत नवरा-बायको आणि तापलेला तवा. बाई लाटण्याने पातळ पोळी लाटून, आत पालक-चीज भरून ग्योझलेमे भाजत होती. होडी टेकायच्या आधीच नवऱ्याने पुठ्ठ्याची पाटी वर धरली: काय मिळेल आणि केवढ्याला. कोणी घासाघीस केली नाही. गरम ग्योझलेमे खाऊन सगळे खूश!

दुसरी गोष्ट केकोवाची. तिथे भूकंपात खचलेल्या जुन्या वस्तीच्या भिंती आणि जिने पाण्याखाली दिसतात. त्या भागात पोहायला बंदी आहे. कप्तानाने हे आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. एवढं स्वच्छ पाणी, उतरता येत नाही, तरी एकानेही तक्रार केली नाही. तिथून निघाल्यावर दुपारचा वारा सुटला. कप्तानाने इंजिन बंद करून शिडं उभारली. जेमतेम वीस मिनिटं. फक्त पाण्याचा आवाज. त्या वीस मिनिटांवर आमचा निम्मा राग उतरला.

वारा कप्तानाच्या हातात नव्हता, हे मला मान्य आहे. पण "बहुतेक वेळ इंजिनवर जाऊ, पाण्याचे पैसे वेगळे" हे बुकिंगच्या वेळी सांगणं त्यांच्या हातात होतं. आधी सांगितलं तर तो नियम वाटतो, नंतर सांगितलं तर फसवणूक. रक्कम तीच असते.

तुम्ही टिफिन चालवा, ब्लाउज शिवा नाहीतर ट्रिप काढा, आज रात्री एका कागदावर तीन गोष्टी लिहा:

१. किमतीत काय धरलेलं नाही?
२. कोणती गोष्ट तुमच्या हातात नाही?
३. यातलं गिऱ्हाइकाला नेमकं कधी कळतं?

तिसऱ्याचं उत्तर "बिल देताना" असेल, तर उद्या काउंटरवर पाटी लावा. मीही लावली आहे. पुठ्ठ्याचीच!

तुमच्या पाटीवर काय लिहिणार, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.