नसलेल्या मेथडला हाक

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये ऑब्जेक्टकडून काम करून घ्यायचे, तर मेथडचे नाव घेऊन त्याला हाक मारावी लागते. ते नाव आधी त्याच्या क्लासमध्ये आणि तिथे नसेल, तर पूर्वज क्लासांमध्ये शोधले जाते. वरपर्यंत जाऊनही नाव सापडले नाही, तर त्या ऑब्जेक्टपुरती ती मेथड अस्तित्वातच नसते.

जावा आणि सी++ या भाषांत कंपायलर अशी हाक प्रोग्राम चालण्याआधीच अडवतो. स्मॉलटॉक, रुबी, पायथन, पीएचपी या भाषांत शोध प्रोग्राम चालू असताना होतो. त्यामुळे तिथे ऑब्जेक्टला शेवटची एक संधी देता येते.

या कल्पनेचे ठळक मूळ स्मॉलटॉकमध्ये आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स आणि अ‍ॅडेल गोल्डबर्ग यांनी ही भाषा घडवली. न कळलेली हाक, तिचे नाव आणि सोबतची मूल्ये यांचा एक संदेश बांधून तो ‘डझ-नॉट-अंडरस्टँड’ या मेथडकडे सोपवला जातो. एरवी ही मेथड चूक दाखवते; प्रोग्रामर मात्र तिला आपल्या सोयीने नव्याने लिहू शकतो. रुबीतील ‘मेथड-मिसिंग’ त्याच वळणाची आहे. पीएचपीच्या पाचव्या आवृत्तीत, २००४ मध्ये, ‘कॉल’ ही जादुई मेथड आली; स्टॅटिक हाकांसाठी ‘कॉल-स्टॅटिक’ २००९ मध्ये, ५.३ आवृत्तीत आली. पायथनच्या ‘गेट-अ‍ॅटर’ला फक्त नाव मिळते, मूल्ये मिळत नाहीत, म्हणून तिला हाक मारता येईल असे फंक्शन परत द्यावे लागते.

पुणे जिल्ह्यातील प्रवासाची माहिती देणारा एक प्रोग्राम उदाहरणादाखल घेता येईल. दौंड हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरचे जंक्शन. तिथून मनमाड आणि बारामतीकडे फाटे जातात. शिरूर हे घोड नदीकाठचे, पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचे शहर. तिथे रेल्वे स्थानक नाही, एसटीचे आगार आहे. ‘दौंड.फलाट’ या हाकेला उत्तर मिळते. ‘शिरूर.फलाट’ म्हटले, की रुबी ‘नो-मेथड-एरर’ देऊन थांबते.

आता शिरूरच्या ऑब्जेक्टमध्ये दौंडची नोंद ठेवून ‘मेथड-मिसिंग’ लिहिली, की ‘रेल्वे_’ने सुरू होणारी प्रत्येक हाक दौंडकडे वळवता येते. ‘शिरूर.रेल्वे_वेळापत्रक’ विचारले, तर उत्तर दौंडकडून येते आणि प्रत्येक नावासाठी वेगळी मेथड लिहावी लागत नाही. याला प्रतिनिधित्व म्हणतात. या सोयीचा हा सर्वांत मोलाचा उपयोग आहे.

धोकाही इथेच आहे. समजा, हाताळणी करणारी मेथड कोणत्याही नावाला निमूटपणे रिकामे उत्तर देते. मग ‘बसगाड्या’ऐवजी ‘बसगाडया’ टंकले गेले, तरी चूक दिसत नाही. प्रवाशाला फक्त कोरी यादी दिसते आणि दोष शोधण्यात दिवस जातात. म्हणून पहिला नियम असा: ओळखीच्या नावांनाच उत्तर द्यावे, बाकीची हाक ‘सुपर’ वापरून पूर्वज क्लासकडे सोपवावी, म्हणजे चूक जिथल्या तिथे उघडी पडते.

दुसरा नियम: आपण काय जाणतो, हे ऑब्जेक्टने खरे सांगावे. रुबीत त्यासाठी ‘रिस्पाँड-टू-मिसिंग’ ही जोडमेथड लिहितात. नाहीतर ‘ही मेथड आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ आणि प्रत्यक्ष हाकेला उत्तर, अशी विसंगती उरते. तिसरा नियम: हाताळणीच्या मेथडमध्ये पुन्हा अनोळखी नाव येऊ देऊ नये. तसे झाले, की ती स्वतःलाच बोलावत राहते आणि स्टॅक भरून प्रोग्राम कोसळतो.

या वाटेने जाणारी हाक सहसा सरळ हाकेपेक्षा संथ असते, शिवाय संपादकाच्या सूचनांत आणि आपोआप बनणाऱ्या दस्तऐवजांत ती नावे सहसा दिसत नाहीत. नावे आधीच ठाऊक असतील, तर मेथडी सरळ लिहाव्यात किंवा रुबीच्या ‘डिफाइन-मेथड’ने तयार कराव्यात. नावे प्रोग्राम चालू असतानाच कळणार असतील, तेव्हाच ही सोय वापरावी.