पडद्यामागचा दिवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. या खेळात पांढऱ्या पडद्यामागे बाहुल्या असतात आणि त्यांच्याही मागे दिवा. दिवा विझला की प्रेक्षकांना काही दिसत नाही. बाहुल्या मात्र जागच्या जागी असतात. लॅपटॉपचा पडदा काळा पडतो तेव्हा पुष्कळदा असंच झालेलं असतं.

लॅपटॉपचा एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. मागून येणारा उजेड कुठे सोडायचा नि कुठे अडवायचा, एवढंच त्याचं काम. साधारण २०१० पर्यंतच्या लॅपटॉपमध्ये हा उजेड बारीकशा ट्यूबमधून येई. आता एलईडीची पट्टी असते. ती विझली तरी चित्र पडद्यावर उमटतच राहतं.

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात माझा लॅपटॉप अंधारला. दुकानदार म्हणाला, 'संपला हा, नवीन घ्या.' आत माझ्या काही वर्षांच्या गझला होत्या, कागदावर न उतरवलेल्या. भाचा म्हणाला, 'मामू, टॉर्च द्या बघू.' त्याने पडद्यावर तिरपा उजेड टाकला आणि माझ्याच ओळी फिकट, पण स्पष्ट दिसल्या!

ही परीक्षा कुणालाही करता येईल. आधी उजेड वाढवायचं बटण दाबून पाहा. मग चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा आणि चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. पुन्हा सुरू करूनही अंधारच असेल, तर टॉर्च घ्या. अंधुक चित्र दिसलं तर बिघाड दिव्यात किंवा त्याला वीज पोचवणाऱ्या भागात आहे. काहीच दिसलं नाही, तर एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं म्हणजे संगणक शाबूत. दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. टीव्हीही काळाच राहिला, तर दुखणं रॅम किंवा मदरबोर्डचं असू शकतं. काही नव्या लॅपटॉपमध्ये ओएलईडी पडदा असतो. त्याचे ठिपके स्वतःच उजळतात, म्हणून तिथे टॉर्चचा उपयोग नाही.

झाकण मागेपुढे करताना पडदा लुकलुकत असेल, तर बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर संशय घ्यावा. रोजच्या उघडझापीने ती झिजते. शिवाय आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तिच्या टोकांना गंज चढतो. कधी नुसती केबल साफ करून घट्ट बसवल्यानेही काम भागतं. पडदाच बदलायचा झाला, तर जुन्याच्या पाठीवरचा क्रमांक आणि जोडणीच्या पिना जुळवून घ्याव्यात. पण लॅपटॉप घरी उघडू नये. जुन्या ट्यूबला शेकडो व्होल्टचा दाब लागतो आणि तिच्यात थोडा पारा असतो.

आणि एक सांगतो. दुरुस्तीला देण्याआधी टीव्हीवर चित्र येत असेल, तर त्याच्या आधाराने आपलं लिखाण, फोटो, हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. टीव्हीवर काही आलं नाही, तरी आतली डिस्क बहुधा शाबूत असते. त्यातला मजकूर आधी काढून द्यायला दुकानदाराला सांगा. यंत्र मोडीत काढायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.