जुनी नाणी, नवे लिलाव

वाईट पैसा चांगल्या पैशाला बाजारातून हुसकावून लावतो, हा ग्रेशॅमच्या नावाने ओळखला जाणारा नियम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास अगदी आरंभीच शिकविला जातो. चलनातून केव्हाच बाद झालेल्या नाण्यांनाही तो लागू पडावा, हा काळाचा विनोदच म्हटला पाहिजे. जुन्या नाण्यांची खरेदीविक्री सराफकट्ट्यावरून आणि नाणेप्रदर्शनांतून आता मोबाईलच्या पडद्यावर आली आहे. तेथे घरबसल्या बोली लावता येते, आणि खोटे नाणेही घरबसल्याच पदरात पडते.

असे का व्हावे? केवळ विक्रेत्यांच्या अप्रामाणिकपणाकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक साधाच विचार मांडला, आणि २००१ मध्ये त्याला जे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले त्यामागे हाच विचार होता. वस्तू कशी आहे हे विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास नाही, अशी स्थिती असली म्हणजे घेणारा धास्तीपोटी मधलाच भाव देऊ करतो. त्या भावात चांगली वस्तू विकणे परवडत नाही म्हणून प्रामाणिक विक्रेता अंग काढून घेतो. भाव आणखी घसरतो, आणि शेवटी बाजारात गाळ तेवढा उरतो. लिलावात तर यावर कडी होते. ज्याला नाण्याविषयी शंका येते तो मुकाट्याने बाजूला होतो. म्हणजे अखेरचा हातोडा पडतो तो बहुधा ज्याला सर्वांत कमी कळते त्याच्या नावावर! आपण लिलाव जिंकलो या आनंदात असणाऱ्याने, इतर का थांबले, याचाही विचार करावयास हवा.

या अज्ञानाचे मूळ एका गैरसमजात आहे. जुने ते दुर्मीळ, आणि दुर्मीळ ते लाखमोलाचे, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. वस्तुतः शिवराईसारखे तांब्याचे नाणे शिवकालानंतरही, पेशवाईत आणि त्यापुढेही, अमाप पाडले गेले. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपती' ही अक्षरे वाचून ज्याचा ऊर भरून येतो त्याच्या भावनेचा आदर करूनही सांगितले पाहिजे, की झिजलेली सर्वसामान्य शिवराई आजही अल्प किमतीत मिळते. याउलट १६७४ च्या राज्याभिषेकाशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो सोन्याचा शिवकालीन होन अत्यंत दुर्मीळ आहे. त्याच्या प्रतिकृती मात्र पितळेपासून सोन्यापर्यंत हव्या त्या धातूत तयार मिळतात. प्रतिकृती बाळगण्यात गैर काहीच नाही. ती 'आजोबांच्या पेटीतील होन' म्हणून लिलावात येते तेव्हा फसवणूक सुरू होते.

याहून ढोबळ प्रकार म्हणजे 'ईस्ट इंडिया कंपनी' असे नाव आणि १८१८ सारखे साल कोरलेली, रामदरबाराची वा मारुतीची प्रतिमा असलेली नाणी. एक आणा, दोन आणे असे मूल्यही त्यांवर असते. कंपनीने मद्रासकडे देवप्रतिमांचे होन पाडले होते हे खरे, आणि म्हणूनच ही थाप पचते. परंतु एक आण्याचे नाणे हिंदुस्थानात प्रथम निघाले १९०७ साली! १८१८ मध्ये ते कोणत्या टांकसाळीत पडले असेल? हे देवघरातील टाकांसारखे अलीकडचे तुकडे होत. त्यांना नाणे म्हणताच येत नाही. त्यांपैकीच काहींना 'तांदूळ ओढणारे' ठरवून, परदेशी शास्त्रज्ञ त्यासाठी कोट्यवधी मोजणार असल्याचे सांगून गंडा घालणाऱ्या टोळ्या अनेक राज्यांत पकडल्या गेल्या आहेत. त्या बळींत शिकलेली माणसेही असतात, याची शिक्षकवर्गाने तरी लाज बाळगावी.

मग अस्सल ओळखावे कसे? आरंभ तराजूपासून करावा. १८३५ पासून १९३९ पर्यंत कंपनीच्या आणि नंतर ब्रिटिश सरकारच्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. हे वजन इतके विश्वासाचे होते की 'रुपयाभार' हेच मुळी तोळ्याचे माप झाले. झिजलेल्या रुपयाचे वजन थोडे कमी भरेल, पण नऊ ग्रॅम भरणारा रुपया झिजलेला नव्हे, खोटा होय. नाणे दोऱ्याने पाण्यात टांगून वजनातील घट मोजली तर धातूची सापेक्ष घनता निघते. या चांदीची ती सुमारे १०.३ असते, जर्मन सिल्व्हरची नवाच्याही खाली येते. शाळेच्या प्रयोगशाळेत दहा मिनिटांत होणारा हा प्रयोग आहे. त्यानंतर भिंग घ्यावे. अस्सल नाणे ठशाखाली ठोकून पाडलेले असते, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार उठतात. साच्यात ओतलेल्या नाण्याची अक्षरे मेणासारखी मऊ दिसतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे राहतात आणि कडेवर जोडाची रेघ सापडते, किंवा ती घासून टाकल्याची खूण.

तरीही हे सारे भुरट्या चोराला पकडण्यापुरतेच. सहाव्या जॉर्जचा १९३८ चा चांदीचा रुपया मुबलक आहे, तर १९३९ चा दुर्मीळ. कुशल कारागिराला आठाचा नऊ करणे अवघड नाही. तेथे चांदीही खरी, वजनही खरे आणि ठसाही खरा; खोटे असते ते एका आकड्यापुरते. जहांगीर बादशहाच्या राशिचिन्हांच्या मोहरांच्या नकला तर फार पूर्वीपासून होत आल्या आहेत, आणि त्यांपुढे जाणकारही थबकतात. अशा वेळी छायाचित्रावरून निर्णय देणारा एकतर भोळा किंवा भागीदार समजावा.

लिलावाच्या जाहिरातीत काय लिहिले आहे यापेक्षा काय गाळले आहे ते पाहावे. वजन नाही, व्यास नाही, कडेचे चित्र नाही, कोणत्या ग्रंथातील कोणत्या प्रकाराशी नाणे जुळते याचा उल्लेख नाही, आणि 'माल परत घेतला जाणार नाही' हे मात्र ठळक अक्षरांत! एक रुपयापासून सुरू झालेली बोली विक्रेत्याचीच माणसे चढवीत नाहीत ना, हे ग्राहकास कळण्याचा मार्ग नसतो. उलट्या दिशेची फसवणूकही आहे. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले २०१२ चे पाच वा दहा रुपयांचे नाणे लाखो रुपयांना विकत घेतो, असे सांगून आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग दलाली मागितली जाते. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्हही त्यासाठी वापरले गेले. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण असे कोणतेही शुल्क घेत नाही, असा इशारा बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला.

येथे केवळ चार कारकुनांच्या बचतीचा प्रश्न नाही. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नहपानाच्या त्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविलेला होता, आणि एका राजाने दुसऱ्याचा पराभव केल्याचा पुरावा इतिहासाच्या हाती आला. तो साठा एकत्र राहिला म्हणून हे कळले. आज असा हंडा निघाला तर तो गुपचूप फुटून सुट्या लिलावांत जाण्याचीच भीती अधिक. वास्तविक १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांपूर्वीची नाणी पुरावस्तू ठरतात. म्हणून नाणे खरे की खोटे, याच्या जोडीला ते कोठून आले हेही ग्राहकाने विचारले पाहिजे.

अमेरिकेत १९७३ च्या एका कायद्याने नाण्याच्या प्रतिकृतीवर 'कॉपी' हा शब्द उमटविणे सक्तीचे केले. आपल्याकडेही अशी सक्ती व्हावी. त्याचबरोबर ऑनलाइन लिलाव चालविणाऱ्यांवर वजन, व्यास व तिन्ही बाजूंची चित्रे देण्याचे, आणि नाणे खोटे ठरल्यास पूर्ण रक्कम परत करण्याचे बंधन घालावे. अकरलॉफच्या बाजारावर हमी हाच त्यानेही सुचविलेला एक उतारा आहे. आणि प्रामाणिक विक्रेत्यांचे त्यात नुकसान काहीच नाही.