विश्लेषण : ज्येष्ठांसाठी घर निवडताना करारात काय पाहावे?

मुले परगावी किंवा परदेशात, घरी एकटी आई किंवा वडील आणि तिसऱ्या मजल्यावरचे बिनलिफ्टचे घर. अशा वेळी ज्येष्ठांच्या निवासी प्रकल्पाचा विचार सुरू होतो. जाहिरातीत बाग, सभागृह दिसते. अंथरुण धरल्यावर काय, याचे उत्तर मात्र करारात असते.

पर्याय कोणते?

हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांना जेवण, साफसफाई व सुरक्षेची सोय असलेली स्वतंत्र सदनिका पुरते. आंघोळ, औषधे यांसाठी मदत लागत असेल तर मदतनीस असलेले निवास हवे. अंथरुणाला खिळलेल्या वा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी चोवीस तास शुश्रूषा देणारे केंद्रच योग्य. आजच्या नव्हे, तर पाच-दहा वर्षांनंतरच्या प्रकृतीचा अंदाज घेऊन निवड करावी.

महारेराचे निकष काय?

ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता महारेराने २०२४ मध्ये किमान निकष ठरवले. एकाहून अधिक मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, किमान ९०० मिलिमीटर रुंद दरवाजे, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, न्हाणीघरात आधाराचे कठडे आणि न घसरणारी फरशी यांचा त्यात समावेश आहे. विक्री करारातही या सोयींचा उल्लेख हवा. मात्र, हे निकष विक्रीच्या घरांसाठी आहेत; मासिक शुल्क घेणाऱ्या वृद्धाश्रमाची पाहणी कुटुंबालाच करावी लागते.

करारात काय तपासावे?

अनामत रक्कम परत कधी मिळणार, त्यातून कपात किती, मासिक शुल्क दरवर्षी किती वाढणार, जोडीदाराच्या निधनानंतर दुसऱ्याला तेथेच राहता येईल का, हे लेखी घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रकृती ढासळल्यास निवासी व्यक्तीला जागा सोडावी लागेल का? तोंडी आश्वासन येथे उपयोगाचे नाही.

राहते घर मुलांच्या नावे करावे का?

नव्या घराच्या खर्चासाठी अनेकदा जुने घर मुलांच्या नावे होते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट न पाळल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. त्यामुळे ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी.

निर्णय कोणाचा?

ज्याला राहायचे आहे, त्याचाच. शक्य असल्यास पैसे भरण्याआधी आठवडाभर तेथे राहून पाहावे. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन उपलब्ध आहे.