जखम भरली, आजार मात्र अंगातच!

लोकलच्या डब्यात ‘गुप्तरोगांवर हमखास इलाज’ अशी चिठ्ठी चिकटवलेली अनेकांनी पाहिली असेल. असा इलाज घेऊन बरे वाटल्याचे सांगणारेही भेटतात. ते खोटे बोलतात असे नव्हे. त्यांना आजारानेच चकवलेले असते.

उपदंशाचे, म्हणजे सिफिलिसचे उदाहरण घ्या. संसर्गानंतर साधारण ३ आठवड्यांनी जननेंद्रियावर, गुदद्वारापाशी किंवा तोंडात जखम होते. ती सहसा दुखत नाही आणि उपचारांविनाही ३ ते ६ आठवड्यांत भरून येते. नेमक्या याच काळात एखादे मलम वा चूर्ण घेतले असेल, तर श्रेय त्याच्या पदरात पडते. जिवाणू मात्र शरीरातच राहतो. पुढे अंगावर, विशेषतः तळहात व तळपायांवर पुरळ उठते. ते फारसे खाजत नाही. ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून दिले जाते. तेही मावळते. त्यानंतर वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण नसते आणि काही रुग्णांत अखेर हृदय वा मेंदूवर घाला येतो.

स्त्रियांच्या बाबतीत जखम योनिमार्गाच्या आत असल्यास तिचा पत्ताही लागत नाही. गर्भवतीचा उपदंश उपचारांविना राहिल्यास गर्भपात होण्याचा किंवा मृत बालक जन्मण्याचा धोका असतो. त्यामुळे गरोदरपणातील रक्ततपासणी टाळणे कोणालाच परवडणारे नाही.

परमा आणि क्लॅमिडिया यांचा संसर्गही अनेकदा लक्षणांविना असतो. लघवीला जळजळ, पू, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा ओटीपोटात दुखणे जाणवल्यास औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत.

एवढ्या दडपणाच्या या आजाराचा उपचार मात्र साधा आहे. निदान व्हीडीआरएल वा आरपीआर या रक्तचाचणीने होते. सुरुवातीच्याच दिवसांत चाचणी निर्दोष आली, तरी डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात. पहिल्या टप्प्यातील उपदंशाला बहुधा पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरते. एचआयव्हीची तपासणीही सोबत करून घ्यावी.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालये व जिल्हा रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. १०९७ या निःशुल्क क्रमांकावरही माहिती दिली जाते. अवघड वाटते ते जोडीदाराला सांगणे. पण त्याच्यावरही उपचार झाले नाहीत, तर तोच संसर्ग पुन्हा घरी परततो.